पहिल्या घंटेला येणारे मासे

निवृत्त होताना हेडक्लार्कना ऑफिसकडून भिंतीवरचं एक घड्याळ आणि पाच भाषणं मिळाली. घंटा मात्र त्यांनी स्वतः आणली. टेबलावरची, पितळेची, डोक्यावर बोट दाबलं की ‘टिंग’ करणारी. ती सरकारी मालमत्ता आहे हे त्यांच्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण साठ्याची नोंदवही तेच लिहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी तिच्या नावापुढे ‘झिजून नष्ट’ असा शेरा मारला, खाली सही ठोकली, आणि नष्ट झालेली घंटा डब्याच्या पिशवीत घालून घरी आणली. एकतीस वर्षांच्या स्वच्छ नोकरीतला हा त्यांचा एकमेव गुन्हा.

आता खरं सांगायचं तर त्या घंटेनं त्यांना कधी सुख म्हणून दिलं नव्हतं. घंटा शिपायासाठी असते, आणि शिपाई बाहेरच्या पॅसेजमध्ये बाकावर बसे. दारापासून सात पावलांवर. ती पावलं हेडक्लार्कनी एका रविवारी येऊन मोजली होती. पहिल्या घंटेला शिपाई हलत नसे. दुसऱ्या घंटेला बाक करकरे, म्हणजे शिपायानं नुसती कूस बदललेली असे. तिसऱ्या घंटेला तो दारात उभा राही आणि ‘बोलावलंत का साहेब?’ असं अगदी निरागसपणे विचारी. एकतीस वर्षांत पशुसंवर्धन खात्याला आठ साहेब आले नि गेले, छपराचे पत्रे दोनदा बदलले, पण पहिल्या घंटेला शिपाई आला असं एकदाही घडलं नाही. माणसाची काही दुःखं अशी असतात की सांगितली तर लोक हसतात. म्हणून हेडक्लार्क ती सांगत नसत.

घरी त्यांनी घंटा जेवणाच्या टेबलावर ठेवली. बायकोनं ती पाहिली, पदराला हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, “अहो, ही इथे वाजली तर मी येईन. पण पाणी घेऊन येणार नाही, एवढं लक्षात ठेवा.”

घंटा कपाटावर गेली.

अशा वेळी त्यांची भाची घरी आली. भाची समुद्राचं शास्त्र शिकलेली, उन्हानं रापलेली, बूट न काढता थेट स्वयंपाकघरात शिरणारी. मामीच्या हातचा चहा घेत तिनं सांगून टाकलं, “मामा, मला तुमची गरज आहे.”

निवृत्त माणसाला हे वाक्य फार दिवसांनी ऐकायला मिळतं. हेडक्लार्कनी चष्मा लावला.

भाचीला सागरी कुरण उभारायचं होतं. म्हणजे काय, तर उबवणी केंद्रात वाढवलेली माशांची बोटभर पिल्लं खाडीच्या तोंडाशी समुद्रात सोडायची. तळाशी सिमेंटचे पोकळ ठोकळे ठेवायचे, त्यात ती लपतील, राहतील. रोज ठरल्या वेळी एक आवाज करायचा आणि थोडं खाणं द्यायचं, म्हणजे ती लांब जाणार नाहीत. मोठी झाली, त्यांची अंडी घालून झाली, की मग मोजकीच पकडायची.

“समुद्र ओरबाडायचा नाही मामा, पिकवायचा.”

“आणि कुंपण?”

“कुंपण नाहीच. सवय हेच कुंपण.”

हेडक्लार्कना ही कल्पना एकदम पटली. त्यांचं अख्खं खातं याच तत्त्वावर चालत आलं होतं.

शेजारच्या ओव्हरसिअरना ती पटली नाही. ओव्हरसिअर पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे पाण्याशी संबंधित कुठल्याही विषयात शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची समजूत होती. गॅलरीच्या कठड्यावरून पुढे वाकून ते म्हणाले, “आधी तारेचं कुंपण घाला. मासा म्हणजे काय गाय आहे, संध्याकाळी आपणहून परत यायला?”

“येईल,” हेडक्लार्क म्हणाले.

“मग एक वॉल्व तरी बसवा.”

वॉल्व कुठे बसवायचा हे त्यांनी सांगितलं नाही. पण वॉल्वनं सुटला नाही असा प्रश्न त्यांच्या नोकरीत आलेला नव्हता.

परवानगीचं काम हेडक्लार्कनी अंगावर घेतलं. सागरी असलं तरी कुरणच, म्हणून अर्ज पशुसंवर्धन खात्याकडे वळला होता, आणि तिथे त्यांच्या खुर्चीवर आता त्यांच्याच हाताखाली शिकलेली बाई बसत होती. तिनं उठून नमस्कार केला, बसायला स्टूल दिलं, नमुना सतरा पुढे सरकवला. तो पाहून हेडक्लार्कना भरून आलं. नमुना सतरा त्यांनी स्वतः तयार केला होता. वीस वर्षांपूर्वी, एका उन्हाळ्यात, पंखा बंद असताना.

भरून आलेलं मन तिसऱ्या रकान्यापर्यंतच टिकलं. ‘जनावराच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक.’

“हा रकाना रिकामा सोडू या,” हेडक्लार्क म्हणाले.

बाईनं तळटीपेवर बोट ठेवलं. ‘एकही रकाना रिकामा राहिल्यास अर्ज बाद समजावा.’ ही तळटीपही त्यांचीच होती, आणि त्या वेळी मोठ्या साहेबांनी तिचं फार कौतुक केलं होतं.

“अहो, पण माशाला कान नसतो बाहेर!”

“सर, तुम्हीच शिकवलंत ना, नसतो म्हणून चालत नाही. नाही हे कागदावर यावं लागतं.”

हेडक्लार्कनी लिहिलं, ‘कान आढळून आले नाहीत.’ मग ते आढळले नाहीत याला जनावरांच्या डॉक्टरचा दाखला लागला. डॉक्टरांनी उबवणी केंद्रात येऊन एक पिल्लू तळहातावर घेतलं, उलटंसुलटं केलं आणि दाखल्यात ‘तपासणीच्या दिवशी’ हे शब्द मुद्दाम घातले. पुढेमागे कान फुटले तर आपल्यावर यायला नको. चतुःसीमेच्या रकान्यात पूर्वेला पाणी, पश्चिमेला पाणी, दक्षिणेला पाणी असं झाल्यावर बाईनं लगतच्या मालकांची ना-हरकत मागितली. भाची रोज फोन करून विचारी, “मामा, कुठवर आलं?” मामा खोल आवाजात सांगत, “प्रक्रिया चालू आहे.” हे वाक्य त्यांनी आयुष्यभर इतरांना ऐकवलं होतं. ते बोलणाऱ्याच्याही घशाला इतकं बोचतं, हे त्यांना आता कळलं.

पाच महिन्यांनी परवानगी आली. एका वर्षाची, आणि तीही एका अटीवर. वर्षाअखेर समिती येणार, आवाज केल्यावर मासे येतात का ते डोळ्यांनी बघणार. आले तर कुरण राहणार. नाही आले तर ठोकळे जागच्या जागी सोडून बाकीचं सामान उचलायचं, आणि खाडीचं तोंड पुन्हा मोठ्या जाळ्यांच्या बोटींना मोकळं. भाचीची सहा वर्षांची मेहनत त्या एका अटीला टांगलेली होती.

मग यंत्र आलं. पिवळ्या रंगाचं तरंगतं पिंप. डोक्यावर उन्हावर चालणारी पट्टी, पोटात खाणं, पाण्याखाली कर्णा आणि कॅमेरा. सगळी सूत्रं हेडक्लार्कच्या मोबाइलवर. पडद्यावर दोन बटणं, एक आवाजाचं आणि एक खाण्याचं. आवाज कुठला ठेवायचा एवढंच ठरायचं होतं. कंपनीनं दिलेला आवाज अपचन झालेल्या माणसासारखा होता.

हेडक्लार्क खुर्चीवर चढले आणि कपाटावरून घंटा काढली.

भाची हसली, पण तिनं घंटेचा आवाज टिपून घेतला. माशांना बारीक आवाज ऐकू येत नाही म्हणून संगणकावर तो जाडा केला. ‘टिंग’चं ‘ढंम्म’ झालं. आपल्या घंटेचा घसा बसवला याचं हेडक्लार्कना वाईट वाटलं, पण विज्ञानापुढे इलाज नव्हता.

“आता नीट ऐका मामा,” भाची म्हणाली. “सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच. दिवसातून दोनदाच. आणि आवाज केला की खाणं द्यायचंच. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, हे चुकवायचं नाही.”

“मी एकतीस वर्षं वेळ पाळली आहे,” मामा म्हणाले.

पिल्लं महिनाभर पाण्यातल्या जाळीच्या पिंजऱ्यात राहून घंटा शिकली. मग पिंजरा उघडला. पहिल्या दिवशी धक्क्याच्या टोकाला उभं राहून हेडक्लार्कनी बटण दाबलं. ढंम्म. पडद्यावर आधी नुसतं हिरवट पाणी दिसलं. मग एका ठोकळ्याच्या भोकातून एक मासा निघाला, मग दहा, आणि बघता बघता चांदीच्या चमच्यांचा ढीग उपडा करावा तसा सगळा पडदा भरून गेला. सगळे तोंड वर करून थांबलेले, सगळे वेळेवर.

हेडक्लार्कच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी पहिल्या घंटेला आलं होतं.

इथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगण्यासारखी राहिली नसती. पण एवढं सुख माणसाला एकट्यानं सोसत नाही. दुसऱ्या आठवड्यात व्याही आले, त्यांना दाखवण्यासाठी दुपारी दोनला घंटा झाली. मग दातांचे डॉक्टर, मग इमारतीचे सेक्रेटरी. दर वेळी मासे आले, दर वेळी पाहुण्यांनी ‘वा!’ म्हटलं. खाण्याचं बटण मात्र हेडक्लार्कनी दाबलं नाही. अवेळी खाणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी, आणि उधळपट्टी त्यांच्या रक्तात नव्हती.

मग काही महिन्यांनी एका दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, त्यांनी निवृत्त कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर मजकूर टाकला. ‘ऑफिसातील हीच ती घंटा. जिच्याकडे माणसांनी दुर्लक्ष केले, तिला आज पाच हजार मासे पहिल्या ठोक्याला हजर होतात. सोबत ध्वनी जोडला आहे.’ आणि तो जाडा ‘ढंम्म’ खरोखरच जोडला.

ग्रुपवर अठ्ठेचाळीस अंगठे आले. शिपायाचा नव्हता, पण त्यानं ते वाचलं होतं एवढं दिसत होतं. हेडक्लार्क त्या रात्री फार शांत झोपले.

सकाळपर्यंत घंटा ग्रुपमधून ग्रुपमध्ये गेली. ओव्हरसिअरनी मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, पिशवी स्टीलच्या डब्यात घातली, झाकण घट्ट लावलं आणि डबा दोरीनं धक्क्यावरून पाण्यात सोडला. मासे आले. ओव्हरसिअरना आयुष्यात प्रथमच वॉल्वशिवाय काहीतरी चालू झालेलं दिसलं, आणि ते रोज येऊ लागले. त्यांच्या मागोमाग बाकीचे डबे. धक्क्यावर सकाळ-संध्याकाळ डब्यांची रांग लागली. कोणी पाहुण्यांसाठी मासे बोलावी, कोणी फोटोसाठी, कोणी नुसतंच, वेळ जात नाही म्हणून. एकानंही दाणा टाकला नाही.

फरक पहिल्यांदा हेडक्लार्कनाच जाणवला, पण त्यांनी तो स्वतःपासून लपवला. सकाळच्या घंटेला पडदा अर्धाच भरला. पुढल्या आठवड्यात मासे दुसऱ्या घंटेला आले. मग एके दिवशी पहिल्या घंटेला कोणी हललं नाही. दुसऱ्या घंटेला एका ठोकळ्याच्या तोंडाशी एक जाडसर मासा फक्त या कुशीवरून त्या कुशीवर झाला. हे दृश्य हेडक्लार्कनी पूर्वी पाहिलं होतं.

समितीला चार दिवस उरले असताना, पुढची पिल्लं वाढवण्यात इतके दिवस उबवणी केंद्रात अडकलेली भाची आली. तिच्या संगणकावर प्रत्येक आवाजाची नोंद होती.

“मामा, काल एकेचाळीस वेळा घंटा झाली. खाणं दोनदा.”

मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“पाण्याखाली तुमचीच घंटा वाजते आहे, आणि आपल्या पिंपातून नाही. कुठून येते आहे ही?”

मामांनी मोबाइल पुढे केला. भाचीनं तो मजकूर वाचला, अंगठे पाहिले, आणि मोबाइल हळूच टेबलावर ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, “सहा वर्षं मामा,” आणि बाहेर जाऊन जिन्यावर बसली. मामी तिच्याजवळ जाऊन बसली. जाताना तिनं नवऱ्याकडे जे पाहिलं, त्याला कुठल्याही नमुन्यात रकाना नव्हता.

समितीच्या दिवशी धक्क्यावर गर्दी झाली. हेडक्लार्कनी ग्रुपवर हात जोडून विनंती केली होती, त्यामुळे डबे बंद होते, पण डब्यांचे मालक तमाशा बघायला आलेच होते. ओव्हरसिअर सर्वांत पुढे. समितीचे अधिकारी उंच, घामाघूम, कुठूनही निघायची घाई असलेले. त्यांच्या शेजारी हेडक्लार्कच्या खुर्चीवर आलेली बाई, हातात नमुना एकोणीस. तोही हेडक्लार्कच्याच हातचा. पाळीव जनावरांच्या तपासणीसाठी केलेला. रकाना चौथा: ‘हाकेस प्रतिसाद. होय / नाही.’

हेडक्लार्कनी बटण दाबलं. ढंम्म.

पडद्यावर पाणी आणि ठोकळे.

ढंम्म.

जाडसर माशानं कूस बदलली. भाचीनं मान दुसरीकडे वळवली.

हेडक्लार्कना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी पिशवीतून खरी घंटा काढली, धक्क्याच्या कठड्यावर ठेवली आणि जीव खाऊन तिच्यावर बोट दाबलं. टिंग!

मासे आले नाहीत. पण गर्दी बाजूला करत एक वाकलेला माणूस पुढे आला. हातात पाण्याचा ग्लास. तो त्यानं न सांडता हेडक्लार्कच्या पुढे धरला आणि म्हणाला, “बोलावलंत का साहेब?”

शिपाई! निवृत्तीनंतर तो धक्क्याच्या मागच्या आळीतच राहत होता.

हेडक्लार्कनी ग्लास घेतला. पाणी पिऊन झाल्यावर, समितीसमोर, सगळ्या ग्रुपसमोर, त्यांनी एकतीस वर्षांचा प्रश्न विचारला. “तू पहिल्या घंटेला का येत नव्हतास रे कधी?”

शिपाई संकोचला. “साहेब, राग मानू नका. पहिली घंटा तुम्ही सवयीनं वाजवायचात. आत आलं की म्हणायचात, कशाला बोलावलं ते विसरलो, जा. दुसरी नुसती रागाची. तिसरी वाजली म्हणजे थोडंफार काम असायचं. आणि खरं मोठं काम निघालं ना, की तुम्ही घंटेला हातच लावायचा नाहीत. स्वतः उठून माझ्या बाकापर्यंत यायचात. माझी मुलगी आजारी होती तेव्हा रजेचा कागद घेऊन तुम्हीच आला होतात.”

हेडक्लार्कना तो कागद आठवत नव्हता. शिपायाला आठवत होता.

ते अधिकाऱ्यांकडे वळले. “साहेब, यात माशांची चूक नाही, माझ्या भाचीची तर नाहीच नाही. खाणं न देता घंटा मी वाजवली. मिरवण्यासाठी वाजवली. वर ती गावभर वाटली.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एवढी मोठी गोष्ट सही-शिक्क्याशिवाय कबूल केली होती, आणि त्यांचे कान तापले होते.

“ते ठीक आहे,” अधिकारी घाम पुसत म्हणाले, “पण रकान्यात ‘नाही’च लिहावं लागेल.”

“जाऊन भेटा की त्यांना साहेब,” शिपाई हळूच म्हणाला. “माझ्या मेव्हण्याची होडी आहे इथेच.”

होडीत हेडक्लार्क, भाची, अधिकारी आणि मांडीवर नमुना घट्ट धरून बसलेली बाई. वल्ही शिपायाकडे. पिंपाजवळ होडी थांबली. भाचीनं खाण्याची बादली मामांपुढे सरकवली. ती अजून त्यांच्याशी बोलत नव्हती. हेडक्लार्कनी बाही दुमडली, मूठभर खाणं घेऊन हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि मूठ उघडली. कोणी काही वाजवलं नाही.

आधी एक आला. तोच, जाडसर. मग पाण्याखाली हालचाल झाली, आणि होडीच्या चहूबाजूंनी पाणी उकळल्यासारखं उसळायला लागलं. मासे हेडक्लार्कच्या बोटांना लुचत होते. अधिकाऱ्यांनी पाय वर घेतले. पाच हजार नसतील, पण होते. कुंपण नव्हतं, घंटेला ते विटले होते, तरी कुठे गेले नव्हते.

“आहेत!” भाची एवढंच म्हणाली आणि मामांचा ओला हात धरून रडायला लागली.

“पण हाकेस प्रतिसाद?” बाई म्हणाली. तिचा आवाजही जरा ओला झाला होता, पण रकाना तो रकाना.

हेडक्लार्क क्षणभर पुन्हा आपल्या जुन्या खुर्चीवर बसल्यासारखे झाले. “सातवा रकाना बघा. शेरा. चार बोटं रुंद ठेवला आहे. छापखान्याशी भांडून ठेवला होता, कारण होय आणि नाही यांच्यामध्येच पुष्कळदा काहीतरी असतं. चौथ्यात ‘नाही’ लिहा. सातव्यात मी सांगतो ते लिहा, साहेबांना पटलं तर.”

अधिकाऱ्यांना पटलं, होडी फार हलत होती. बाईनं लिहिलं, ‘घंटेस प्रतिसाद नाही. माणसास आहे. मासे जागेवर असून एक वर्ष मुदतवाढ देण्यास हरकत नसावी.’ परत येताना तिनं कठड्यावरच्या घंटेकडे बारीक नजरेनं पाहिलं आणि विचारलं, “सर, ही आपल्याकडची ना?”

“जमा करून टाकतो,” हेडक्लार्क ओशाळून म्हणाले.

“कशी करणार? नोंदीनुसार ती नष्ट झाली आहे. नसलेली वस्तू मला घेता येत नाही.”

भाचीनं नवा आवाज बसवला. तो कसा आहे हे मामांना आजतागायत माहीत नाही. त्यांच्या मोबाइलवर आता एकही बटण नाही. मासे नवा आवाज शिकेपर्यंत कोणीतरी रोज वेळेवर होडीनं जाऊन हातानं खाणं टाकायचं होतं, आणि ते काम भाचीनं मामांना दिलं. ओव्हरसिअर धक्क्यावरून रोज सांगतात की या पद्धतीत दाब कमी पडतो. घंटा हेडक्लार्कनी शिपायाला देऊन टाकली, आणि त्यानं ती होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पक्की बसवली.

काल संध्याकाळी खाणं टाकून झालं होतं. पाण्याची बाटली हेडक्लार्कच्या पायाशी होती आणि शिपाई समोर वल्ही आवरून घाम पुसत बसला होता. त्यानं बाटलीकडे पाहिलं, हेडक्लार्ककडे पाहिलं, आणि घंटेवर बोट दाबलं. टिंग.

हेडक्लार्क समुद्राकडे बघत राहिले.

टिंग.

त्यांनी फळीवर जरा कूस बदलली.

तिसरी घंटा झाली तेव्हा कुठे ते उठले, बाटली घेऊन होडीच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि अगदी निरागसपणे म्हणाले, “बोलावलंत का साहेब?”